तोरणाखालची झडती आणि फुकटचं सॉफ्टवेअर

१२ जुलै, शनिवार

आज ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पोळा समितीची बैठक झाली. यंदा गावाच्या झडत्यांची पुस्तिका छापायची ठरली. ज्याच्या नव्या झडत्या टाईप होऊन आधी येतील आणि समितीला पसंत पडतील, त्यालाच तोरणाखाली पहिली झडती म्हणण्याचा मान.

हा मान इतकी वर्षं माझ्याकडे आहे. झडती म्हणजे काय हे माझ्या मुलाच्या, ऋतिकच्या पुण्याच्या मित्राला मागे समजावून सांगावं लागलं होतं. पोळ्याला सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या करतात, तेव्हा गावातल्या माणसाला किंवा सरकारला दोन ओळींत चिमटा काढायचा आणि शेवटी सगळ्यांनी हर हर महादेव म्हणायचं. चिमटा असा हवा की ज्याला बसला तोही हसला पाहिजे.

बैठकीत एक पोरगा मला म्हणाला, "काका, तुमच्या झडत्या चांगल्याच हायेत, पन त्या आमच्या बापालेबी पाठ हायेत." सगळे हसले. तांड्यावरचा रूपसिंग सगळ्यात जास्त हसला. तो माझा शाळेपासूनचा मित्र, आणि मागच्या पोळ्याला त्याच्या एका झडतीपुढे मला उत्तर सुचलं नव्हतं. तेव्हापासून तो भेटला की आधी हसतो आणि मग बोलतो.

मी तीस वर्षं खरेदी-विक्री संघात कारकुनी केली आहे. टाईप केलेला कागद कसा असतो हे मला कोणी शिकवू नये. घरी कॉम्प्युटर आहे. मान मी सोडणार नाही.

१६ जुलै, बुधवार

कॉम्प्युटर ऋतिकचा जुना. तो चाकणला नोकरीला लागला, नवा लॅपटॉप घेतला आणि हा आमच्याकडे पाठवून दिला. आजवर माझी बायको इंदू त्याच्यावर विणलेला रुमाल टाकून वर देवीचा फोटो ठेवत होती. फोटो हलवला, रुमाल काढला, बटण दाबलं. लिहिण्याचं सॉफ्टवेअर उघडलं तर वर लाल पट्टी, मुदत संपली, पैसे भरा. अक्षरं दिसतात पण एकही उमटत नाही.

ऋतिकला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, थे दर वर्षी भरा लागते."

म्हणजे विकत घेतलं तरी आपलं नाही. हा तर मक्ता झाला. शेत मक्त्याने करतात, सॉफ्टवेअर मक्त्याने करायचं हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. निदान शेतात बांधावरचं गवत तरी आपलं असतं.

इंदू पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "कायले पायजे थे? मले सांगा ना झडती, मी लिहून देतो वहीत."

तिला म्हटलं, हे ऑफिसचं काम आहे.

१९ जुलै, शनिवार

तालुक्याला, नेरला जाऊन आलो. एसटीत बसायला जागा मिळाली, त्यावरून दिवस चांगला जाणार हे कळलं होतं. बसस्टँडबाहेर एका टपरीवाल्याने "पूरा ओरिजनल" म्हणून पेन ड्राईव्ह पुढे केला. किंमत ऐकूनच तो ओरिजनल नाही हे समजलं. सरळ अफरोजच्या दुकानात गेलो.

अफरोज म्हणजे, आमच्या संघाचे ट्रॅक्टर जो दुरुस्त करायचा त्या जलाल मिस्त्रीचा मुलगा. बापाने इंजिनं खोलली, हा कॉम्प्युटर खोलतो. त्याला पेन ड्राईव्हचं सांगितलं तर म्हणाला, "त्याच्यात व्हायरस फ्री भेटते काका. चोरीचा माल टाकून मंग माझ्याकडेच याल रडत."

त्याने मला प्रकार समजावले. एक दर वर्षी पैशाचं. एक एकदाच पैसे भरायचं, पण ते एकदाचे पैसे ऐकून मी पाणी मागितलं. एक फुकटचं, कॉम्प्युटरात बसवायचं. आणि एक फुकटचं, नेटवर चालणारं, त्यात लिहिलेलं कुठूनही उघडतं.

"फुकट काहून देतात?" मी विचारलं.

"आता थे त्यायले इचारा काका. तुमाले दोन ओळीच लिवाच्या हायेत ना, कारखाना तं नाई चालवाचा? फुकटचंच पुरते."

स्वतःच्या दुकानातला माल घेऊ नका म्हणणारा दुकानदार पाहिला की मला काळजी वाटते. पण त्याने चहा पाजला.

२० जुलै, रविवार

ऋतिकने फोनवरून सांगत सांगत ते नेटवरचं फुकटचं सुरू करून दिलं. त्याला खातं लागतं. माझा फोन बटणांचा आहे आणि बटणांचाच राहणार, म्हणून इंदूच्या मोबाईलमधलं तिचंच खातं कॉम्प्युटरला जोडलं. नेटही तिच्याच मोबाईलचं. कॉम्प्युटर सुरू केला की तिच्या मोबाईलवर प्रश्न येतो, हे तुम्हीच आहात का? ती स्वयंपाकघरातून "हो" दाबते आणि इकडे माझं काम सुरू होतं.

आमच्या गॅसचं कनेक्शनही इंदूच्याच नावावर आहे. म्हणून काही सिलिंडर तिने उचलून आणलेला नाही.

२४ जुलै, गुरुवार

आज एक विलक्षण गोष्ट घडली. सविस्तर लिहितो.

काल सरपंचाच्या नव्या गाडीवर झडती टाईप केली होती:

नवी गाडी घेऊन सरपंच आला
सारा गाव पाहाले गोळा झाला

बरी होती. आज सकाळी उघडून पाहतो तर:

सरपंचाची नवी गाडी, पुढं झेंडूचा हार
खड्डे पाहून गाडी म्हने, दुरूनच नमस्कार!

मी खुर्चीतच हसलो. मग दचकलो. हे मी लिहिलेलं नाही.

टीव्हीवर सारखं सांगत असतात की आता कॉम्प्युटरला अक्कल फुटली, तो पत्र लिहितो, चित्र काढतो. मला त्या थापा वाटायच्या. पण आपल्या रस्त्यावरचे खड्डे त्याला कसे कळले? वरून उपग्रहातून दिसत असतील. आपले खड्डे तेवढे मोठे आहेतच.

इंदूला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाप्पा, हुशारच हाय म्हनाचं यंत्र."

२८ जुलै, सोमवार

यंत्र रोज सुधारणा करतं. मी सकाळी लिहितो, शेतात चक्कर मारून येतो, तोवर झडती धुऊन-पुसून तयार. पऱ्हाटीत तण काढायला डवरणी चालू असताना मनात सारखं एकच, आता त्याने काय केलं असेल. जेवायला घरी लवकर येतो. इंदू म्हणते, लग्न झाल्यापासून एवढ्या लवकर मी कधी आलो नव्हतो.

पण आज त्याने मर्यादा सोडली. मोबाईलवरच्या पीक पाहणीवर मी सरकारला चांगला चिमटा काढला होता. त्याचं त्याने हे केलं:

पीक पाहनीले रामराव गेला, झाडावर चढला
रेंज आली थोडी थोडी, अन् फांदीसंगं पडला

माझं नाव त्याला कोणी दिलं? खातं तर इंदूच्या नावावर आहे. आणि मी झाडावरून पडलो हे खरं असलं तरी ते मी फक्त घरात सांगितलं होतं. ऋतिक म्हणतो की मोबाईल सगळं ऐकत असतो. इंदूला तिचा मोबाईल माझ्यापासून लांब ठेवायला सांगितलं.

नाव खोडून "बाबूराव" लिहिलं. दुपारी पाहिलं तर पुन्हा रामराव. बरं, राहू दे. यमक चांगलं आहे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज प्रत्यक्ष पाहिलं. मी कॉम्प्युटरसमोर बसलो होतो, हात मांडीवर. आणि पडद्यावर अक्षरं आपोआप उमटू लागली. एक बारीक उभी रेघ चालत होती, तिच्यावर एक रंगीत पताका, पताकेवर लिहिलेलं "इंदू". खातं तिच्या नावाचं, म्हणून यंत्र स्वतःला तेच समजतं, बिचारं. मी नकळत हात जोडले.

"अवं, इकडं ये, पाह्य!" मी ओरडलो. त्याबरोबर अक्षरं थांबली. इंदू स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिला काही दिसलं नाही. माझ्यासारखं चिकाटीने बसलं तरच दिसतं.

४ ऑगस्ट, सोमवार

मला एक विचार सुचला आणि तो इतका सरळ आहे की आधी का सुचला नाही याचं नवल वाटतं. फुकटचं जर एवढं हुशार, तर पैशाचं किती असेल?

त्या वर्षाच्या मक्त्यावाल्याचा पहिला महिना फुकट आहे. ऋतिककडून बसवून घेतलं. फुकटच्यातल्या झडत्या यात आणल्या, नव्या चार टाईप केल्या. याला इंदूचं खातं लागत नाही, तिच्या "हो"ची गरज नाही. तिला तसं सांगितलं.

"मंग मी मोकळी," ती म्हणाली, आणि मोबाईल फ्रिजवर ठेवून तूर निवडत बसली.

७ ऑगस्ट, गुरुवार

पैशाचं सॉफ्टवेअर ढ आहे. तीन दिवस वाट पाहिली. लिहिलं तसंच राहतं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी त्याला वेळ दिला, दुपारभर सुरू ठेवून शेतावर गेलो, एकदा तर त्याच्यासमोर झडती मोठ्याने वाचूनही दाखवली. काही नाही. माझ्या चारही झडत्या जशाच्या तशा. आता नीट वाचल्या तर त्यातल्या तीन तितक्याशा चांगल्या नाहीत.

इंदूही दोन दिवस गप्प आहे. भाजीत मीठ कमी पडलं. ती मोबाईल फार पाहायची, त्यानेच डोळ्यांवर ताण आला असेल. नेरला न्यावं म्हणतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अफरोजकडे तक्रार घेऊन गेलो. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "काका, सॉफ्टवेअर झडती नाई लिहीत. पैशाचंबी नाई अन् फुकटचंबी नाई."

"मी माह्या डोळ्यांनी पाह्यलं."

"त्या फुकटच्यात खातं कोनाचं हाय?"

"तुह्या काकूचं."

अफरोज काउंटरखाली वाकला. काहीतरी शोधत होता बहुतेक, कारण बराच वेळ वर आला नाही. वर आला तेव्हा डोळे पुसत होता. म्हणाला, "काका, माझं ऐका. फुकटचंच ठेवा. असं सॉफ्टवेअर बाजारात भेटत नाई. अन् घरी जाऊन काकूले इचारा एकडाव."

काकूला काय विचारायचं? "हो" दाबायचं तेवढंच तर तिचं काम. पण मी फुकटच्यावर परत आलो. इंदूला सांगितलं तर तिने फ्रिजवरून मोबाईल घेतला आणि संध्याकाळी शेवयाची खीर केली. कशाबद्दल ते कळलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

रूपसिंगचा एक बैल गेला. पोट फुगलं आणि डॉक्टर येईपर्यंत आटोपलं. वाईट झालं. पोळ्याच्या तोंडावर जोडी मोडणं फार वाईट.

मी भेटायला जाणारच होतो. पण चहाच्या टपरीवर, जिथे मी यंत्राचं कौतुक केलं होतं तिथेच, कळलं की रूपसिंग परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "रामरावच्या झडत्या आता मशीन लिवते. रामराव निसता लाईट बिल भरते." लोक अजून ते म्हणून म्हणून हसत आहेत. मी गेलो नाही. घरी येऊन रागाच्या भरात टाईप केलं:

रूपसिंगच्या दावनीचा एक बैल गेला
मालकाले कटायून थो सोताहून मेला

यमक पक्कं आहे. यंत्रालाही हात लावायला जागा नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

यंत्राने ती झडती पुसून टाकली. सुधारली नाही, पुसली. मी पुन्हा लिहिली. पऱ्हाटीला खत देऊन आलो तर पुन्हा नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

तिसऱ्यांदा लिहिली. या वेळी उठलोच नाही. समोर बसून राहिलो. थोड्या वेळाने ती पताका आली, दोन्ही ओळी उजवीकडून डावीकडे खात गेली आणि त्या जागी लिहिलं:

हे बरं नाई.

मी म्हणालो, "कॉम्प्युटर माहा, वीज माही, झडती माही." मी कॉम्प्युटर बंद केला. खरं सांगायचं तर मला थोडी भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. पण झडती पाठ झालेली आहे. डोक्यातून पुसायला त्याला येत नाही.

इंदूने मला ताट वाढलं आणि स्वतः स्वयंपाकघरात बसून जेवली.

१६ ऑगस्ट, शनिवार

झडत्या समितीला दिल्या. त्यांनी ओट्यावरच वाचल्या. तोच पोरगा, बापाला पाठ असल्याचं म्हणणारा, पोट धरून हसत होता. म्हणाला, "काका, तुमाले अचानक काय झालं?" पहिल्या झडतीचा मान मला. इंदूला सांगितलं तर म्हणाली, "भेटला ना मान? बरं झालं," आणि सोयाबीनच्या फवारणीचं विचारलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदेमळणी. बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावलं, उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. रूपसिंग आपल्या एकट्या बैलाला धुऊन नाल्यावरून येताना दिसला. त्याने हात केला. मीही केला, पण उशिरा. तोवर तो वळला होता.

२३ ऑगस्ट, शनिवार

कालचं आज लिहितो आहे. काल लिहिण्यासारखी मनःस्थिती नव्हती.

तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या होत्या. पहिली झडती माझी. सरपंचाच्या गाडीची म्हटली आणि सरपंचच सगळ्यात आधी हसला. मग झाडावरून पडलेल्या रामरावाची म्हटली. अशी दाद मला आयुष्यात मिळाली नव्हती. लोक म्हणत होते, अजून एक, अजून एक.

मग रूपसिंग पुढे आला. एका हाताने एकट्या बैलाचा कासरा धरलेला. तो म्हणाला:

रामरावच्या घरी मशीन, थेच झडती लिवते
हा निसता तोंड उघडते, अन् मान घेऊन जाते!

गाव फुटला हसण्याने. मला काही सुचेना. मागच्या वर्षीसारखंच झालं. आणि डोक्यात ती पाठ झालेली झडती होती, दुसरी कोणतीच नव्हती. मी तोंड उघडलं:

"रूपसिंगच्या दावनीचा एक बैल गेला..."

रूपसिंगचं हसू गेलं. त्याचा चेहरा पाहिला आणि मी दुसऱ्या ओळीआधीच थांबलो. पुढे म्हणवत नव्हतं आणि मागेही घेता येत नव्हतं.

तेवढ्यात ओट्यावरच्या बायांमधून खणखणीत आवाज आला:

"रामराव म्हने मी हाव ना, जुवाखाली आला!"

क्षणभर कोणाला कळलं नाही की बाई झडती म्हणाली. मग जो गलका झाला! हर हर महादेव म्हणताना बैल बुजले. रूपसिंग कासरा सोडून आला आणि त्याने मला मिठी मारली. हसत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. माझ्या कानाशी म्हणाला, "चाल मंग, बांधू का तुले गाडीले?"

मी ओट्याकडे पाहिलं. इंदू पदर सावरून उभी होती, जशी काही ती बोललीच नाही. दोन ओळींतला तो झटका, दुसऱ्या ओळीत रामरावालाच आडवं पाडणं, ते शेवटी हसूच येणं. महिनाभर रोज सकाळी मी हेच वाचत होतो. ती पताका, "इंदू". अफरोजचं काउंटरखाली वाकणं. मला सगळं एकदम दिसलं आणि मी भर पोळ्यात खाली बसलो. लोकांना वाटलं, ऊन लागलं.

घरी येऊन विचारलं, "थे सारं तू लिवत होती?"

"मंग कोन? उपग्रह?"

"मले सांगतलं काहून नाई?"

ती बैलांचं ताट वाढत होती. थांबली. "पोळ्या लाटता लाटता किती डाव सांगतलं असन तुमाले, हे असं म्हना, थे तसं म्हना. तुमी म्हने तुले काय समजते. मशीननं सांगतलं तं हात जोडले."

मला लाज वाटली, आणि तिचा अभिमान इतका वाटला की तोही लाजेसारखाच बोचत होता. माझ्या घरात गावातली सगळ्यात चांगली झडती म्हणणारी बाई आहे आणि ती शोधायला मी एसटीने नेरला जात होतो.

२५ ऑगस्ट, सोमवार

मक्त्याचं सॉफ्टवेअर बंद करायला ऋतिकला सांगितलं. तो म्हणाला, "मले पयल्या दिवसापासून मालूम होतं बाबा. आईनं शपथ घातलती." फुकटचं पुरतं. अफरोजला तसा निरोप दिला.

सकाळी आमचा एक बैल रूपसिंगकडे नेऊन बांधला. त्याची शेतीची कामं या हंगामात तरी अडायला नकोत. जुवाखाली मी स्वतः जाण्यापेक्षा हे बरं, असं तोही म्हणाला.

दुपारी समितीचे लोक आले. मला वाटलं माझ्याकडे आले. ते थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. पुढच्या पोळ्याला तोरणाखाली पहिली झडती इंदूबाईंनी म्हणावी, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. इंदूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माह्याकडं काय पाहतं? मी बैल धरून उभा राहीन."

ते गेल्यावर ती जवळ आली आणि अगदी काळजीने म्हणाली, "जमन का हो तुमाले? तितका वेळ तोंड बंद करून उभं राहनं?"

सराव आतापासून करतो म्हणालो. ती म्हणाली, "मंग सुरू करा." अजूनपर्यंत तरी जमतं आहे.